मागच्या चाकांचा कल

मच्छिंद्र माझ्याकडे चार वर्षं कामाला होता आणि चार वर्षांत त्याने माझा एक वायसरसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की आमच्यात जुनं काहीतरी वैर असणार. काही नव्हतं. होता तो माझा स्वभाव. मी रंभाजी मिस्त्री, सुप्याला नगर-पुणे रस्त्यावर माझं गॅरेज, आणि संशय आला की माझ्या डोक्यात सणक जाते.

दुष्काळाचं साल होतं, त्र्याहत्तरचा फेब्रुवारी. गॅरेजात काम असं नव्हतंच. ट्रकवालेच येत नव्हते, तर बाकी कोण येणार? अशात एका गुरुवारी श्रीरामपूरकडचे बागायतदार आप्पासाहेब आपली लाल गाडी घेऊन आले. गाडी कसली, रस्त्याला पोट टेकवून बसलेलं बेडूकच. जर्मन बनावटीची, दोन दारांची, इंजिन मागे. मुंबईतल्या कुठल्या शर्यतीच्या शौकिनाकडून त्यांनी ती घेतली होती. त्या शौकिनाने मागची मडगार्डं पत्रा जोडून वीतभर फुगवली होती आणि त्यात ट्रकला शोभतील एवढे रुंद टायर कोंबले होते. अशी गाडी अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नव्हती.

तक्रार एवढीच होती की मागचा टायर आतून घासतो. पुण्याला जाताना वाटेत रबराचा धूर निघाला, म्हणून ते माझ्या दारात थांबले होते.

"मिस्त्री, चाक घासायचं थांबवा. पण मागचं दुसरं काही बदलू नका. हिचं सामान या देशात मिळत नाही," ते म्हणाले, आणि गाडी ठेवून एका ट्रकमधून पुढे गेले. बुधवारी यायचं ठरलं.

मी आणि मच्छिंद्रने गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि चाकं काढून पाहिलं. आमचा हात बसलेला ट्रकवर आणि जीपवर. त्यांना मागे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एक सरळ जाड दांडा असतो, दोन्ही चाकं त्याच्या टोकांना. इथे तसला दांडाच नव्हता. प्रत्येक चाक आपापल्या लोखंडी हातावर, स्वतंत्र वर-खाली होणारं. त्या हाताला टायर घासत होता. उपाय साधा होता. रिम आणि ब्रेकच्या ड्रमच्या मध्ये अर्ध्या इंचाची लोखंडी चकती घालायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. अर्ध्या इंचापेक्षा जास्त केलं तर बाहेर मडगार्डाला लागलं असतं. दोन्हीकडून जागा बोटभरच.

चकत्या मी स्वतः माझ्या लेथवर काढल्या. लेथ जुना होता, त्याचं डोकं जरा हलायचं, पण तेवढं चालतं असं मी वीस वर्षं म्हणत आलो होतो. शनिवारी संध्याकाळी चकत्या बसवल्या, चाकं चढवली, नट आवळले. मग माझ्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक नटावर आणि रिमवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. नट कोणी फिरवला तर रेघ तुटते. गाडी ठोकळ्यांवरच ठेवली. रविवारी मला पारनेरला मेहुण्याकडे जायचं होतं. गॅरेजच्या दोनपैकी एक किल्ली मच्छिंद्रकडे दिली.

सोमवारी सकाळी मी मच्छिंद्रच्या आधी आलो. शेजारी पंक्चरवाला सोपान होता, त्याला हाताशी घेतलं आणि गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरवली. मागे जाऊन पाहिलं.

दोन्ही चाकं फेंगडी उभी होती. वरून बाहेर, खालून आत. गाडीचं मागचं अंग वर चढलेलं. गाडी आली तेव्हा टायरचा माथा आणि मडगार्ड यांच्या मध्ये मी बोटं घालून पाहिली होती, दोन बोटं बसली होती. आता सबंध पंजा आत जात होता. मग मी वाकून नट पाहिले. पिवळी रेघ तुटलेली. एका नटाची नव्हे, दोन्ही चाकांच्या एकूणएक नटांची.

"स्प्रिंगा बदलल्यात कुनीतरी," सोपान म्हणाला.

मला वेगळं काही वाटतच नव्हतं. जुन्या मऊ स्प्रिंगा काढून नेल्या आणि कुठल्यातरी भलत्याच ताठ स्प्रिंगा ठोकल्या, म्हणून चाकं अशी झाली! गाडी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी काळा चष्मा लावलेला पुण्याचा एक माणूस चहा पिता पिता गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेला होता. मच्छिंद्र त्याच्याशी बोलत उभा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"काल सकाळच्या नगर यष्टीत मच्छिंदर चढला," सोपान हळूच म्हणाला. "खांद्यावर गोनी हुती. जड हुती लई. वाकून चालत हुता."

झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळून आलं. खरं सांगायचं तर मी ते जुळवलं, आणि जुळवताना मला एक प्रकारचा आनंदही होत होता.

मच्छिंद्र आला तो नेहमीसारखा, डबा खिळ्याला अडकवून. त्याने एकदा चाकांकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"काल काय केलंस इथं?" मी विचारलं.

"चाकं काढून पुन्हा बसवली, मिस्त्री."

"का?"

त्याने सोपानकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागनं सांगतो. सोपानभाऊ जाऊ द्या."

"सोपान कशाला जाईल? गोणीत काय होतं?"

"लोखंड हुतं."

"कुठं गेलं ते लोखंड?"

"हितंच हाय की. मिस्त्री, आधी गाडी जरा बाहीर ढकलू. उजेडात बघा, मग बोला."

गाडी बाहेर काढायची! मला वाटलं, हा पुरावाच हलवायला निघाला. चोराने मालकाला शहाणपण शिकवावं तसं मला ते लागलं. मी त्याचा दंड धरला आणि म्हणालो, "चल तुझ्या घरी."

त्याचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. त्या सुमारास दुष्काळी कामावर जाणारी माणसं लिंबाखाली मुकादमाची वाट बघत बसलेली असायची. सगळ्या जातींची, बाया-बापे मिळून पन्नास तरी. टोपल्या पालथ्या घालून त्यावर बसलेली. त्या सगळ्यांच्या देखत मी मच्छिंद्रला धरून नेलं आणि त्याच्या घरात शिरलो. सोपान माझ्या मागे होताच.

आज मी स्वतःला विचारतो, हेच जर माझ्या भावकीतलं कोणी असतं, तर मी असा त्याच्या घरात घुसलो असतो का? नसतो. दारात उभं राहून चार वेळा हाक मारली असती. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. मी ठाऊक नसल्यासारखं केलं.

मी उतरंड हलवली, पेटीचं झाकण उघडलं, गोधड्या झटकल्या. मच्छिंद्रची आई बनुबाई कामाला निघण्यासाठी डोक्याला फडकं बांधत होती. ती हात वर तसाच ठेवून बघत राहिली. कोपऱ्यात गोणी सापडली. रिकामी. आतून तेलाचे डाग.

"रिकामी म्हणजे विकून आलास," मी बाहेर येऊन ओरडलो. "चोर हाय हा! चार वर्सं माझं अन्न खाल्लं आन् चोर निघाला! कुनी कामाला ठिवू नका याला."

मच्छिंद्रने खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली. "उद्यापासनं येत न्हाई," एवढंच तो म्हणाला. त्याच दुपारी मी रस्त्यावरच्या तिन्ही गॅरेजांत जाऊन हीच गोष्ट सांगून आलो. तेवढाही दम मला निघाला नाही.

दोन दिवस मी झोपलो नाही. आप्पासाहेबांना काय सांगायचं? स्प्रिंगा कुठून आणायच्या? माझं नाव जाणार, गॅरेज बंद पडणार, असलंच सगळं डोक्यात. गाडीला मी हात लावला नाही. जिथे उतरवली तिथेच ती फेंगडी उभी.

बुधवारी आप्पासाहेब आले. मी हात जोडून सगळं सांगितलं. ते वाकून चाकांकडे बघत होते. मग सरळ झाले आणि त्यांनी विचारलं, "जॅकवरून उतरवल्यावर गाडी हलवली होती का?"

"न्हाई."

"एक फूटसुद्धा?"

"न्हाई. पुरावा हाय म्हणून तशीच ठिवली."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "गिअर काढा. लावा हात," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी गाडी दारापर्यंत ढकलली. पंधरा पावलं असतील. प्रत्येक पावलाला मागचं अंग खाली बसत गेलं आणि चाकं माझ्या डोळ्यांदेखत सरळ होत गेली. रस्त्याच्या कडेला मी मडगार्डाखाली हात घातला. दोन बोटं.

"या गाड्यांचं असंच असतं," आप्पासाहेब म्हणाले. "हवेत लटकली की चाकं खालून आत येतात. खाली टेकवली तरी जमीन टायरला धरून ठेवते, म्हणून तशीच राहतात. चार पावलं फिरली की आपोआप पसरतात. मलाही पहिल्यांदा धडकी भरली होती."

स्प्रिंगा मूळच्याच होत्या. मग मच्छिंद्रने चाकं का काढली? मी एक चाक उतरवलं आणि चकती हातात घेतली. ती मीच काढलेली होती, भोकं माझीच. पण तिचं तोंड, म्हणजे सपाट अंग, माझ्या हातचं नव्हतं. माझ्या लेथच्या कामावर लाटा उठतात, ही आरशासारखी साफ होती. मी पकडमाप लावलं. चारही बाजूंनी जाडी सारखी. वीस वर्षांत माझ्या लेथवर असं काम एकदाही निघालं नव्हतं.

आप्पासाहेब गाडी घेऊन रस्त्याने एक फेरी मारून आले. "कुठे घासत नाही, कुठे थरथरत नाही. उत्तम काम केलंत," ते मला म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. हेही सांगायला हवं, की मी ते नुसतं ऐकून घेतलं.

गुरुवारी यष्टीने नगरला आणि तिथून नागापूरला गेलो. मच्छिंद्रचा चुलतभाऊ गोरक्ष तिथल्या नव्या कारखान्यांच्या वसाहतीत एका शेडमध्ये लेथवर होता. मच्छिंद्र तिथेच सापडला, लोखंडाचा कीस झाडून काढत होता.

"चकत्या हितं आणल्या हुत्यास?" मी विचारलं.

"व्हय. रविवारी चाक हातानं फिरवून बघितलं तर डुलत हुतं. चकती एका अंगाला जाड. रस्त्यावर गाडी थरथरली असती आन् नाव तुमचं गेलं असतं. गोरक्षची शेड चालू हुती, म्हनून गोनीत घालून आनल्या, लेथवर तोंड मारून सारख्या करून घेतल्या आन् सांजच्याला बसवल्या."

"मग सोमवारी बोलला का न्हाईस?"

"सोपानच्या म्होरं? तुमची चकती वाकडी हाय म्हनून?" त्याने झाडू भिंतीला लावला. "त्यो दिसभर टायरवाल्यांना सांगत बसला असता."

आजूबाजूला मशीनी चालू होत्या. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "चुकलं माझं. परत चल."

"मिस्त्री, चोर म्हनलात तवा पन्नास मानसांत म्हनलात," तो म्हणाला. "आता कानात का सांगताय?"

त्याने पुन्हा झाडू उचलला. मी निघालो.

शुक्रवारी सकाळी मी आधी तिन्ही गॅरेजांत गेलो. तिथे सांगणं सोपं गेलं. मग वस्तीवर गेलो, पण मला उशीर झाला होता. लिंबाखाली एक म्हातारा आणि दोन शेळ्या. बाकी सगळे कामावर. मला बरंच वाटलं, हे कबूल करतो. म्हाताऱ्याला सांगून मोकळा झालो असतो. पण पाय माघारी वळेनात.

काम चालू होतं दोन कोसांवर, उघड्या माळावर. रस्त्यासाठी खडी फोडत होते. उन्हात रांगेने माणसं बसलेली, प्रत्येकापुढे दगडांचा ढीग, आणि तो ठकठक आवाज लांबूनच ऐकू येत होता. बनुबाई मधल्या रांगेत होती. शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं, तेव्हा तिने वर पाहिलं आणि पुन्हा दगडावर हातोडा घातला.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. "मच्छिंदरनं चोरी केली न्हाई," मी म्हणालो. "काम माझंच वाकडं हुतं. त्यानं ते सरळ केलं. त्याला चोर म्हनलो ती माझी चूक झाली."

हातोडे चालूच होते. जवळच्या दोघी-तिघींनी माना वळवल्या असतील, तेवढंच.

बनुबाईने हातातला दगड फिरवून नीट लावला. "खडी फुटतीया, मिस्त्री," ती म्हणाली. "तिकडच्या रांगंला ऐकू गेलं न्हाई. तिकडं जाऊन सांगा."

मी तिकडच्या रांगेकडे गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.