देवरावांची लाल चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना साउंड प्रोसेसर आहे. भिलाईतल्या मराठी माणसाचा आवाज माझ्यामुळेच टिकून आहे. निदान सेक्टर ६ च्या मराठी मंडळात तसं बोललं जातं. बोलणारे बोलता बोलता माझ्यावर चहाचा ट्रे ठेवतात.

माझा जन्म जपानचा. आवाज आत घ्यायचा, त्याची खरखर काढायची, हवा तर देवळातला घुमारा द्यायचा आणि पुढे पाठवायचा, हे माझं काम. १९९४ साली मुंबईचा एक स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मंडळाच्या एका जावयाने मला आणि माझ्या सोबतीच्या डिजिटल टेपयंत्राला इथे आणलं. माझ्या पाठीवर दोन तऱ्हेची सॉकेटं आहेत. साध्यातून आवाज जातो, डिजिटलमधून नुसते आकडे. दिसायला दोन्ही सारखीच, तीन पिनांची. पहिल्याच गणपतीत कुणीतरी माइक डिजिटलमध्ये खुपसला आणि अध्यक्षांचं चाळीस मिनिटांचं भाषण कुणालाच ऐकू आलं नाही. लोकांनी माझं मनापासून कौतुक केलं ते तेव्हाच.

मंडळातले देवराव मात्र संतापले. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. त्यांनी डिजिटल सॉकेटांवर लाल चिठ्ठी बांधली : ‘काम चालू. हात लावू नये.’ खाली सही. कारखान्यातला नियम असा, की चिठ्ठी ज्याने बांधली त्यानेच सोडायची. न जाणो, कुणाचा तरी हात मशीनमध्ये असायचा. पुढे देवराव निवृत्त होऊन वर्ध्याला गेले. चिठ्ठी राहिली. तीन वर्षं.

जवळच्याच रिसालीच्या बेबीताईंना भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची, साठ गाणी पाठ. वहीत एकही नाही. त्यांच्या घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन होतं आणि आवाज राहील याची हमी डॉक्टर देईनात. म्हणून रविवारी सकाळी मंडळाचे सचिव श्यामराव त्यांना घेऊन आले, गाणी टेप करायला.

गाणं सुरू झालं आणि टेपवर त्याच्यामागे ‘घूंऽऽ’. माझ्यापासून टेपयंत्रापर्यंतच्या साध्या वायरीत विजेची घरघर शिरत होती. ताई चार वेळा गायल्या. चारदा घूं.

“कावून जी, भुलाबाईच्या मांगं हा भुंगा कोन गाऊन राहिला?” ताईंचा आवाज आता बसायला लागला होता.

“डिजिटल वायर लावली तं जाईन, ताई. आकड्यायले घरघर चिकटत नाही,” श्यामराव म्हणाले. “पन देवरावची चिठ्ठी हाय.”

“तोडा न मंग!”

“अशी कशी तोडू? सव्वीस वर्सं फर्नेसवर काढले मी.”

“उद्या माहा गळा कापून राहिले. त्याले कोनाची चिठ्ठी लागली नाही!”

श्यामराव कोपऱ्यातल्या फोनकडे गेले. वर्धा लागायला पाऊण तास गेला.

“देवरावजी, तुमची चिठ्ठी सोडाची हाय.”

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “कोनती चिठ्ठी?”

“प्रोसेसरची! लाल!”

“ते अजून हायच? सोड न बापा. मी जेवून राहिलो.”

श्यामरावांनी चिठ्ठीच्या पाठीवर तारीख, वेळ आणि ‘फोनवरून परवानगी’ असं लिहिलं, सही केली आणि मगच दोरा सोडला. वायर बसली. टेपयंत्राचं बटण डिजिटलवर गेलं, तसं ते आकडे मोजायचं आपलं घड्याळ सोडून माझ्या घड्याळावर चालू लागलं, सारा कारखाना एका भोंग्यावर चालतो तसं. तीन वर्षांनी माझी पाठ मोकळी झाली होती. बेबीताई गायल्या. मागे भुंगा नाही, काही नाही, नुसत्या बेबीताई. एकोणचाळीस गाणी झाली तेव्हा गळा पुरता बसला. श्यामराव डोळे मिटून खुर्चीत टेकले ते चहा गार होईपर्यंत उठलेच नाहीत.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. यंत्राला चिठ्ठी बांधलीत तर ती बांधल्याचं ध्यानात ठेवा, आणि गाव सोडण्याआधी सोडून जा. चहाचा ट्रे जमल्यास दुसरीकडे ठेवा.

ऑपरेशन नीट झालं. बेबीताईंचा आवाज होता तसाच राहिला. पुढच्या कोजागिरीला त्या मंडळात समोर बसून साठच्या साठ गाणी गायल्या, माइकशिवाय. ती टेप अजून कुणी लावलेली नाही.