न जिंकलेल्या सामन्याचा टी-शर्ट

मलेट हा मासा दुसरं काहीच मिळालं नाही तर खायचा. पण आमच्या मोबिल शहरातल्या लोकांना कोण सांगणार? त्यांनी त्याच्याच नावाने अमेरिकन फुटबॉलचा 'मलेट बोल' हा सामना सुरू केला. दर डिसेंबरात, हंगाम संपला की दोन कॉलेजांचे संघ येतात, एकच सामना खेळतात आणि घरी जातात. टी-शर्टांचं काम कमिटीने माझ्या गळ्यात मारलं होतं. शेवटची शिट्टी वाजली की जिंकलेल्यांच्या अंगात 'मलेट बोल विजेते' लिहिलेला शर्ट चढायला हवा, मग तो छापायचा कधी? म्हणून दोन्ही संघांचे आधीच छापून ठेवतात. दोन खोके, दोन्ही पट्ट्या लावून बंद. हरलेल्यांचा खोका उघडायचाच नाही. तो चर्चमार्फत कुठल्या तरी लांबच्या देशात जातो, आणि तिकडे कुणी बिचारा न जिंकलेल्या सामन्याचा विजेता होऊन फिरतो.

त्या वर्षी खेळायला माझा मुलगा थॅडच होता. काहाबा स्टेट कॉलेजकडून. उभ्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू घालायचं काम त्याचं. समोर ब्रॅझल टेक. दोन्ही संघ असे तोडीस तोड की पैज लावणारेही गप्प बसले होते. काहाबाने कित्येक वर्षांत बोल जिंकला नव्हता, त्यामुळे सगळ्यांचा डोळा थॅडच्या पायावर. पोराला आठवडाभर झोप नव्हती. त्याने जिंकावं, याहून दुसरं काही मला नको होतं.

दुपारी सामन्याआधीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही मैदानाबाहेर गाडी लावून शेगडी पेटवली. खाडीवरून धुकं आलं होतं, चार गाड्यांपलीकडचं दिसेना. माझा नवरा ओडेल गंबोचं, म्हणजे कोळंबीचं दाट कालवण ढवळत होता आणि मसाला कमी पडलाय म्हणून माझं डोकं खात होता. तेवढ्यात धुक्यातून एक माणूस लंगडत आला. पन्नाशीचा असेल, दाढी पिकलेली. अंगात शर्ट, त्यावर 'मलेट बोल विजेते, काहाबा स्टेट' आणि खाली त्याच वर्षाचा आकडा.

"घे! तुझ्या खोक्यातून चोरी झाली," ओडेल म्हणाला.

मी धावत जाऊन गाडीत पाहिलं. खोके जसेच्या तसे बंद. आणि शर्ट तरी कसला, धुऊन धुऊन विटलेला! गळ्यापाशी हिरव्या दोऱ्याने शिवलेला, तेही कसं तरी, धसमुसळं. त्याच्याखाली कुणाचे तरी जुने पांढरे टाके दिसत होते, बारीक आणि एकसारखे. बायको सोडून गेलेली दिसते, मी मनात म्हटलं.

"सामना अजून व्हायचाय, आणि तुमच्या अंगावर निकाल?" मी विचारलं. "कुठून आणलात हो हा?"

"घरचाच आहे, मॅडम." तो माझ्याकडे असा टक लावून बघत होता की मी पदर नसूनही सावरला असता. "थोडं खायला मिळेल का?"

मी वाडगा भरून गंबो दिला. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं का?"

"नाही, मॅडम. बरोब्बर आहे. किती वर्षांनी खातोय."

मग केळ्याचं पुडिंग दिलं, तर हा चमच्याच्या पाठीने वरची बिस्किटं एकेक करून खाली दाबत बसला. मला हसू आलं. "माझा थॅडही अगदी असंच करतो. त्याच्यावर ओरडून ओरडून माझा घसा बसतो."

तो थांबला. "ओरडा ना," हळूच म्हणाला. "एकदाच."

मी गंमत म्हणून कंबरेवर हात ठेवला आणि ओरडले, "खेळत काय बसलास? खा मुकाट्याने!"

तो हसला, आणि हसता हसता रडला. रिकामा वाडगा माझ्या हातात दिला, हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि धुक्यात गेला. ओडेलचा चेहरा पांढरा पडला होता.

"व्हर्नेल, त्याचे कान बघितलेस? आमच्या घराण्याचे कान आहेत ते."

"गप रे! देवाने निकाल धाडलाय. आपण जिंकलो!"

त्या भरवशावर मी मजेत मैदानात जाऊन बसले. आजूबाजूला लोक नखं खात होते आणि मी शेंगदाणे. त्यांनी गुण घेतले की आम्ही घ्यायचे, आम्ही पुढे गेलो की त्यांनी गाठायचं. वेळ संपली तेव्हा बरोबरी. जादा खेळात बरोबरी सुटेपर्यंत दोघांना एकेक पाळी मिळत राहते. त्यांनी तीन गुण घेतले, थॅडने तीन घेतले. त्यांनी पुन्हा तीन घेतले. पुन्हा थॅड. तो धावत आला तेव्हा मी आधीच उभी राहून टाळ्या वाजवत होते. ओल्या गवतावर त्याचा डावा पाय घसरला. चेंडू खांबावर आपटून परत आला. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं. मी बघत होते खाली पडलेल्या थॅडकडे, तो गुडघा धरून ओरडत होता.

डावा पाय. तो माणूसही डाव्याच पायाने लंगडत होता.

काहाबाचा खोका चर्चला द्यायच्या आधी मी पट्टी फाडून एक शर्ट काढून घेतला. नियम गेला खड्ड्यात! थॅडने तो आधी भिरकावून दिला. मग एक दिवस गवत कापताना घातला, आणि पुढे घरात तोच घालू लागला. गुडघा काही सरळ झाला नाही. लग्न टिकलं नाही, ओडेल गेला, आता आम्ही दोघंच. थॅडची दाढी पिकायला लागलीय. शर्ट विटत चाललाय.

परवा शर्ट गळ्यापाशी उसवला. "आई, एवढं शिवून दे ना," म्हणाला.

शर्ट हातात घेतला आणि धुक्यातल्या त्या माणसाचे हिरवे टाके आठवले. या घरात मी असताना तसले हिरवे, धसमुसळे टाके कोण घालेल? म्हणजे तो त्या धुक्यात जेवायला जाईल तेव्हा मी नसेन. मला जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील. असं कसं होऊ देईन? मी पांढरा दोरा घेतला आणि बारीक, एकसारखे, दुहेरी टाके घातले. आता उसवून दाखव म्हणावं!

दोरा दाताने तोडला आणि मग आठवलं. हिरव्याच्या खाली पांढरे होते, असेच बारीक आणि एकसारखे.

मी सुई रिळात खोचून ठेवली. मग हाक मारली, "थॅड, स्वयंपाकघरात ये. गंबो शिकवते."

"मला कशाला? तू करतेस ना."

"ये म्हणते ना!"

आला, पण पुडिंगचा वाडगा घेऊनच. टेबलाशी बसून चमच्याच्या पाठीने बिस्किटं खाली दाबायला लागला. मला रडू येत होतं. ते गिळलं, कंबरेवर हात ठेवला आणि त्याच्यावर ओरडले, चांगली घसा फुटेपर्यंत.