चारातले दोन टेकू

ठेकेदाराचं खरं नाव त्या घरात कुणी घेतच नसे. सुनेने त्याचं नाव ‘सोमवार’ ठेवलं होतं, कारण कधीही विचारा, तो येत्या सोमवारी येणारच असायचा. आणि तिच्या नवऱ्याला अख्खी गल्ली ‘असूदे’ म्हणायची. दुधात पाणी आलं, असू दे. शेजाऱ्याने ऐन दारात गाडी लावली, असू दे. आता असल्या माणसाची गाठ सोमवारशी पडल्यावर काय होणार होतं, तुम्हीच सांगा!

काम काही राजवाड्याचं नव्हतं. असूदेच्या आईचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या वरच्या खोलीत अडकून पडल्या होत्या. जिना अरुंद आणि उभा, धडधाकट माणसालाही धाप लागेल असा. खाली स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांच्यामधली भिंत काढली, की मागच्या दाराशी त्यांचा पलंग मावणार होता. बस, एवढंच.

“मला माणसं दिसली पाहिजेत गं,” त्या सुनेला म्हणायच्या. “वर नुसतं छत बघून बघून वीट आलाय. दाराशी बसून चार जणांना नावं ठेवल्याशिवाय मला काही मरण यायचं नाही.”

“चारच?” सून म्हणायची. “मग लवकर आटपेल तुमचं.” दोघी खदाखदा हसायच्या.

पहिल्या दिवशी सोमवारचा उत्साह काय वर्णावा! दुपारच्या आत भिंत भुईसपाट. पाडायला काय जातं कुणाचं? पण वर आईंची खोली होती आणि तिच्या स्लॅबचा भार त्याच भिंतीवर होता. तिच्या जागी लोखंडी गर्डर बसवायचा होता. तोवर स्लॅबखाली चार लोखंडी टेकू उभे करून सोमवार हात झटकत म्हणाला, “गर्डर सोमवारी येतोय, वहिनी. टेकूंना मात्र कुणी हात लावायचा नाही हं. चारही लागतात.”

आणि जो गेला तो गेलाच. कधी गर्डर वाटेत असायचा, कधी वेल्डर आजारी, कधी सोमवारची मावशी वारलेली. तिसरी मावशी वारली तेव्हा सुनेने फोनवर विचारलं, “एकंदर आहेत तरी किती हो मावश्या?” त्यानंतर त्याने तिचा फोन उचलणंच सोडून दिलं.

सून घरीच शिवणकाम करायची. सिमेंटची धूळ मशीनमध्ये, धूळ गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर, धूळ जेवणाच्या ताटात. शेवटी तिने मशीन टेकूंच्या मधोमध मांडलं आणि मापाची पिवळी टेप एका टेकूला गाठ मारून अडकवली. निदान काहीतरी उपयोग! वरून काठी आपटून सासूबाई विचारायच्या, “आला का गं तुझा सोमवार?” सुरुवातीला त्या हसून विचारायच्या. पुढे पुढे नुसतीच काठी आपटायच्या. मग तेही कमी झालं, जेवणही कमी झालं. ही बाई खाली येण्याची वाट बघत वरच संपणार, ही भीती तिला जाता-येता खायला लागली.

“तुम्ही त्याला एकदा खडसावून का सांगत नाही?” ती नवऱ्याला म्हणायची.

“अगं, त्याच्याही अडचणी असतील. शाळेत माझ्याच वर्गात होता तो. तोंडावर कसं बोलायचं?”

तोंडावर कसं बोलायचं! सुनेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सख्ख्या आईपेक्षा याला सोमवारच्या तोंडाची काळजी.

एका सकाळी तिने ठरवलं, आता बास. लोखंडाच्या दुकानदाराकडून पत्ता काढला आणि सोमवारचं नवं काम चालू होतं त्या घरी ती जाऊन धडकली. तिथली घरमालकीण विटांच्या ढिगावर बसली होती. केस धुळीने पांढरे झालेले.

“तुम्हीपण त्याच्याच का?” तिने विचारलं. एखाद्या दवाखान्यात नवा पेशंट आल्यावर जुना विचारतो, तसं. “बसा. आमचं न्हाणीघर फोडून ठेवलंय, शेजारच्यांकडे जातो आम्ही अंघोळीला. काल ही भिंत पाडली. आज म्हणतो, छताला टेकू लागतील, आत्ता घेऊन येतो.”

“कुठून?”

“त्याचेच आहेत म्हणे. कुठल्यातरी कामावर नुसते पडून होते.”

बोलणं संपेतो टेम्पो दारात येऊन थांबला. दोन मजुरांनी दोन टेकू खाली ओढले. त्यातल्या एकाला पिवळी मापाची टेप बांधलेली होती. गाठ तिच्याच हातची.

धावत सुटतानाच तिने फोन लावला.

“अहो, टेकू कुणी नेले?”

“सोमवारची माणसं आली होती,” असूदे निवांत म्हणाला. “दोनच नेलेत गं, दोन आहेत की. तो फोनवर म्हणाला दोन पुरतात, संध्याकाळी परत आणतो. मी म्हटलं असू दे. जड होते बिचाऱ्यांना, मीच हात लावला.”

“आईंना बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता!”

“अगं पण झालंय काय? जरा प्लास्टर पडलंय, बाकी...” आणि तो थांबला. त्याला वरून काहीतरी ऐकू आलं असावं.

ती घरी पोचली तेव्हा तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून आईच्या खोलीच्या दाराला खांदा मारत होता. स्लॅब खचली होती, चौकट वाकडी झाली होती आणि दार तिच्यात घट्ट अडकलं होतं. घामाने चिंब झाला होता, रडत होता, धडका मारत होता. सुनेनेही खांदा लावला.

आतून काठी वाजली. “काय रे झालं? मी उठून कडी काढू का?”

“उठू नका, आई!” सून किंचाळली. “जागच्या हलू नका!”

“बरं बाई,” सासूबाई म्हणाल्या.

मग आवाज झाला. दार आपोआप उघडलं आणि पलीकडे खोलीच नव्हती.

धूळ बसल्यावर शेजाऱ्यांनी त्यांना ढिगाऱ्यातून काढलं. मागच्या दाराशी, जिथे पलंग ठेवायचा होता, तिथेच त्या सापडल्या. बघायला सगळी गल्ली लोटली होती. इतकी माणसं त्यांना किती दिवसांत दिसली नव्हती, आणि आता नावं ठेवायला त्याच नव्हत्या.

नवरा-बायको भाड्याच्या खोलीत राहायला गेले. काही दिवसांनी तिथे सोमवार आला. डोळे पुसले, आईंचे गोडवे गायले. मग हळूच विषयावर आला. पोलिसांची चौकशी चालू झाली होती. “टेकू तुम्हीच आपखुशीने दिलेत, एवढंच सांगायचं. नाहीतर मी मेलोच बघ. बायकामुलांचा माणूस आहे मी.”

असूदे जमिनीकडे बघत राहिला. सून वाट बघत होती. एकदा, फक्त एकदा याने नाही म्हणावं. याची आई गेलीय. ओरडावं, हात उगारावा, काहीतरी करावं. शेवटी तीच उठली आणि दार सताड उघडून म्हणाली, “चालते व्हा. जे घडलं तेच आम्ही सांगणार. आणि तुम्ही काय म्हणाला होतात, तेही मी सांगणार. चारही लागतात म्हणून.”

सोमवार उठला. आणि असूदेही उठला. पाहुणा निघाला की त्याच्यामागे दारापर्यंत जायचं, ही त्याची जन्माची सवय. जिन्यात अंधार होता. त्याने पुढे होऊन दिवा लावला.

“सांभाळून उतर,” तो म्हणाला, “खालची पायरी फुटकी आहे.”

हळू, आर्जवी आवाज. समोरच्याला काही लागू नये म्हणून जपणारा. टेकूंना हात लावताना तो मजुरांशी याच आवाजात बोलला असणार, हे सुनेला कळलं. ती दारातच खाली बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.