हलक्या ट्रिगरची रायफल

विद्युल्लता गव्हाणे दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची आणि दर रविवारी शहराबाहेरच्या शूटिंग क्लबवर जायची. गडहिंग्लजला कॉलेजात असताना एनसीसीत तिने पॉइंट टू-टूची रायफल हातात धरली आणि राज्य पातळीवर दोन मेडल्स मिळवली होती. लग्नानंतर ती अंबादासबरोबर शारजाला आली, मुलगी शर्वाणी झाली, आणि चौदा वर्षं रायफलचं नावही निघालं नाही. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी या क्लबबद्दल सांगितलं. आपल्यासारख्या परदेशी लोकांना इथे स्वतःची रायफल ठेवता येत नाही, पण क्लबची तासावर मिळते. पहिल्याच दिवशी तिने पन्नास मीटरवर पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसवल्या, आणि रेंज सांभाळणारा फ्रान्सिस कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. हा फ्रान्सिस वसईचा, तेवीस वर्षं याच क्लबवर. तेव्हापासून तो तिला वहिनी म्हणू लागला.

अंबादासने स्वतः कधी गोळी झाडली नाही. एसी डक्टिंगची कामं घेणारा माणूस तो, आठवडाभर साइटवर आरडाओरडा करून दमलेला. रविवारी तो बायकोच्या मागे खुर्ची टाकून बसायचा आणि दुर्बिणीतून बघून सांगायचा, "जरा डावीकडे गेली." ती हसायची, कारण गोळी कुठे गेली हे तिला त्याच्या आधीच कळलेलं असायचं.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी तिला रायफलचा बोल्ट उचलता येईना. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट वर उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलून पुन्हा खाली पाडायचा, हे तिचे हात झोपेतही करू शकले असते. त्या दिवशी अंगठा आणि बोट त्या मुठीवरून घसरत राहिले. "एसीने हात गारठलाय," ती म्हणाली. डिसेंबरमध्ये फळ्यावर लिहिताना खडू गळून पडू लागला. जानेवारीत दुबईच्या न्यूरॉलॉजिस्टने सगळ्या टेस्ट्स झाल्यावर दोघांना समोर बसवून सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूकडून स्नायूंना निरोप जाणं हळूहळू बंद होतं. औषधाने वेग थोडा कमी होतो, आजार थांबत नाही. किती दिवस, हे अंबादासने विचारलं नाही. तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं, काहींना जास्त, काहींना कमी.

परत येताना ट्रॅफिकमध्ये ती म्हणाली, "अहो, मला गडहिंग्लजला जायचंय. आईकडे. चालता येतंय तोवर. महिनाभर राहायचंय."

"जाऊ ना," अंबादास म्हणाला. "जरा सगळं मार्गी लागू दे."

पुढच्या रविवारी त्यांनी फ्रान्सिसला सांगितलं. तो थोडा वेळ काउंटरवरची गोळ्यांची पाकिटं नीट लावत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, बोल्टच नको आपल्याला. सेमी-ऑटो घ्या. एकदा गोळ्यांचं मॅगझिन घालून बाजूचा खटका मी मागे ओढून देतो. मग दहा गोळ्या नुसत्या बोटाने. प्रत्येक गोळी सुटली की पुढची आपोआप आत येते." क्लब तशा सहा नव्या रायफली मागवणार होता. "त्यातली एक तुमच्या हिशोबाने मागवू. मॅनेजरशी मी बोलतो. तुम्ही फक्त कुठली ते ठरवा."

ती काही बोलायच्या आत अंबादास म्हणाला, "ठरवतो मी."

त्या क्षणी त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. इतके दिवस ज्या गोष्टीपुढे तो नुसता उभा होता, तिच्यात आता त्याला करण्यासारखं काहीतरी निघालं होतं.

त्याने ते काम एखाद्या मोठ्या टेंडरसारखं अंगावर घेतलं. रात्रीचं जेवण झालं की तो लॅपटॉप उघडायचा. रायफलीची नळी जड की हलकी, ट्रिगर दाबायला किती ग्रॅमचा जोर लागतो, खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड करता येतो की नाही, स्वस्त गोळ्या अडकतात का, सगळ्याची एक्सेल शीट. त्यातला एक शब्दही त्याला पूर्वी माहीत नव्हता. फ्रान्सिसने त्याला मुद्दा समजावून दिला.

"कागदावर नेम धरायचा तर लोक जड नळी घेतात, हलत नाही म्हणून. हलकी नळी शिकारीवाल्यांची. आपले काही मेंबर बाहेरदेशी फार्मवर जातात, ससे मारायला, तिथे दिवसभर खांद्यावर घेऊन फिरायचं असतं. वहिनींना पाहिजे टार्गेटचा ट्रिगर आणि सशावाली नळी. असं एकत्र मिळणं अवघड आहे भाऊ."

"शोधतो," अंबादास म्हणाला.

फेब्रुवारी त्यात गेला. सापडलेल्या पहिल्या रायफलीचा ट्रिगर फार कडक निघाला. दुसरीचा दस्ता तिच्या हाताला लांब होता. मार्चमध्ये शाळेला सुट्टी लागली. तिने नोकरी सोडल्याचं पत्र दिलं आणि संध्याकाळी त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आता मोकळीच आहे मी. तिकिटं बघू या का?"

"मॉडेल एकदा फायनल होऊ दे. तुझ्या हाताचं माप द्यायचंय ना त्यांना. तू इथे नसलीस तर कसं करणार?"

आपल्या खोलीच्या दारात उभी असलेली शर्वाणी म्हणाली, "बाबा, शी कान्ट ईवन ओपन द टूथपेस्ट."

"म्हणूनच हलका ट्रिगर शोधतोय," अंबादास म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

एप्रिलमध्ये मॉडेल ठरलं. सव्वादोन किलोची, हलक्या नळीची, आणि ट्रिगरचा वेगळा सेट बसवला की जेमतेम एक किलोच्या जोरावर सुटणारी. ऑर्डर गेली. फ्रान्सिस म्हणाला, परवानगीचे कागद लागतात, तीन महिने धरा, इन्शाल्ला. मे महिन्यात ती वॉकर घेऊन चालू लागली. तिच्या भावाचा फोन आला, की आई रोज विचारते, कधी येताय. अंबादासने त्याला उत्साहाने सांगितलं, "रायफल येऊ दे. एकदा तिने ती चालवली की तिथूनच थेट एअरपोर्ट." विद्युल्लता समोरच बसली होती. तिने ते ऐकलं. त्यानंतर तिने तिकिटांचा विषय काढला नाही.

आपण जाणं टाळतोय हे अंबादासला कळलं होतं का? पुढे त्याने स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. त्याला एवढंच आठवायचं की गडहिंग्लज म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर सासूबाई यायच्या, दारात उभ्या, लेकीकडे बघत. तो प्रवास निरोपाचा होता. रायफलीत निरोप नव्हता.

ऑगस्टमध्ये तिला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये काढून ती घरी आली तेव्हा व्हीलचेअरवर होती आणि रात्री झोपताना तोंडावर मशीनचा मास्क लागत होता. अंबादासने त्याच आठवड्यात तिकिटं बघितली. एअरलाइनने डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलं. फुप्फुसांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि फॉर्म त्याच्याकडे परत सरकवला.

"मिस्टर गव्हाणे, वरची हवा त्यांना झेपणार नाही. मी सही करू शकत नाही. मे-जूनमध्ये आला असतात तर मीच म्हटलं असतं, जा."

तो फॉर्म घडी करून खिशात ठेवून तो पार्किंगमध्ये गेला आणि गाडीत बसून राहिला. घरी येऊन त्याने तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. आता तिचे शब्द जड आणि ओढलेले येत होते.

रायफल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. रविवारी सकाळी त्याने तिला क्लबवर नेलं. शर्वाणीही आली. फ्रान्सिसने सगळ्यात कडेची लेन रिकामी ठेवली होती. त्याने टेबलावर वाळूच्या पिशव्या रचल्या, रायफल त्यांवर टेकवली, दस्ता तिच्या खांद्याला लावून दिला, मॅगझिन घालून बाजूचा खटका मागे ओढून सोडला. अंबादासने तिचा हात उचलून मुठीवर ठेवला आणि तिची तर्जनी ट्रिगरपाशी नेली.

"छान आहे," ती म्हणाली. "अगदी हलकी."

तिने गाल दस्त्याला टेकवला. मानेला आधार द्यायला शर्वाणी मागे उभी होती. बराच वेळ काही झालं नाही. तिचं बोट ट्रिगरवर होतं आणि मनगटाजवळची एक शीर थरथरत होती. फ्रान्सिसने ट्रिगर सगळ्यात हलक्यावर लावून ठेवला होता, त्याहून हलका होत नव्हता.

अंबादास वाकला आणि आपलं बोट त्याने तिच्या बोटावर ठेवलं. "मी नुसता आधार देतो. नेम तुझाच."

"नको," ती म्हणाली. "काढा हात."

त्याने हात काढला. फ्रान्सिसने मॅगझिन बाहेर काढलं, आतली गोळी काढली आणि शर्वाणीला म्हणाला, "चल बेटा, ज्यूस घेऊन येऊ." दोघं कॅन्टीनकडे गेले.

विद्युल्लताने श्वास गोळा केला. एका दमात चार-पाच शब्दांपलीकडे तिला आता बोलता येत नसे.

"मी रायफल मागितली नव्हती."

"लता..."

"ऐका. तुम्ही शोधत होतात. रात्र रात्र. मला वाटायचं, करू देत. यांना बरं वाटतंय." ती थांबली. "मी आई मागितली होती. एकदाच मागितली असं नाही. दोनदा."

तो तिच्या खुर्चीशेजारी खाली बसला. सिमेंटवर, गुडघ्यांवर. बाजूच्या लेनवर कुणीतरी सावकाश, एकेक गोळी झाडत होतं.

"मला भीती वाटत होती," तो म्हणाला. "तिथे गेलो की खरं होईल असं वाटायचं."

"मलाही वाटत होती," ती म्हणाली. "म्हणूनच जायचं होतं."

तिला त्याच्या केसांवरून हात फिरवायचा असावा, कारण तिचा हात मुठीवरून निसटून टेबलावर पडला, त्याच्या दिशेने, आणि तिथेच राहिला. त्याने तो उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. तिने काढायला सांगितला नाही. पण "असू दे" असंही ती म्हणाली नाही, आणि पुढेही कधी म्हणाली नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो फोन तिच्यासमोर धरून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावायचा. म्हातारीला स्क्रीनमध्ये बघायचं कुठे ते समजत नसे, त्यामुळे बहुतेक वेळा इकडे तिचा कान दिसायचा. विद्युल्लता त्या कानाकडे बघत राहायची. ऑक्टोबरमध्ये तिचं बोलणं पूर्ण थांबलं, तरी तिकडून आई जेवणात काय केलं, शेजारी कोण आलं होतं, हे सांगत राहायची.

ती नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला पहाटे गेली.

इथे दहन करू, असं सगळ्यांनी सुचवलं, ते सोपं होतं. अंबादास ऐकेना. कागदपत्रांना तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत त्याने ज्या ज्या काउंटरवर सह्या केल्या, तिथे कुणी तिच्या फुप्फुसांबद्दल विचारलं नाही. ती आता विमानाने जाऊ शकत होती. गोव्याच्या विमानात तो आणि शर्वाणी वर बसले होते आणि ती खाली सामानाच्या भागात, पत्र्याने आतून मढवलेल्या लाकडी पेटीत. विमान सुटताना शर्वाणीने त्याचा हात धरला. कित्येक महिन्यांनी ती मराठीत बोलली. म्हणाली, "बाबा, आई खाली गारठेल का?"

त्याने सीटवरचं ब्लँकेट उघडून तिच्या अंगावर घातलं.

गोव्याहून घाट चढून अँब्युलन्स गडहिंग्लजला पोचली तेव्हा दुपार झाली होती. भावाचं घर पहिल्या मजल्यावर, खाली त्याचं खताचं दुकान. पेटी जिन्यावरून वर जाईना, म्हणून सासूबाईंनाच खुर्चीत बसवून खाली आणलं. पेटी उघडल्यावर त्यांनी लेकीच्या चेहऱ्यावरून दोन्ही तळवे फिरवले, मग हात चाचपत खाली नेले आणि तिची बोटं एकेक करून सरळ करू लागल्या. खूप वेळ. कुणी त्यांना थांबवलं नाही.

दहनानंतर चौथ्या दिवशी माणसं पांगल्यावर त्यांनी जावयाला आत बोलावलं.

"अंबादासराव, उन्हाळ्यात चालत होती म्हणे ती."

"हो."

"मग आणली का नाही?"

प्रवासात त्याने या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. शर्वाणीची शाळा, व्हिसा, डॉक्टर. म्हातारीचे डोळे पाण्याने भरलेले नव्हते, कोरडे होते आणि त्याच्यावर थांबले होते.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "ती म्हणत होती. मीच पुढे ढकलत राहिलो."

खाली दुकानात कुणीतरी युरियाच्या गोणीचा भाव विचारत होतं. थोड्या वेळाने त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "शर्वीला इकडे पाठवा. तुम्ही जरा बाहेर बसा."

तो उठला, शर्वाणीला आत पाठवलं, आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसला. आतून आधी फक्त म्हातारीचा आवाज येत होता. मग शर्वाणी रडायला लागली, तिची आई गेल्यापासून पहिल्यांदा. तो तिथेच बसून ऐकत राहिला, कारण आत जायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं.