लेटिसला जगवलं त्याची गोष्ट

थॉर्नबी गावात मिस टॅबिथा रेनशॉ मुलींची शाळा चालवायची आणि दार लावून कादंबऱ्या लिहायची. शाळेचं सगळ्या गावाला माहीत होतं, कादंबऱ्यांचं फक्त लंडनच्या एका संपादकाला. मासिकात तिचं नाव छापत नसत, आणि तेच बरं होतं. प्रेमाबिमाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईकडे आपली मुलगी कोण पाठवणार? शाळा बुडाली असती तर टॅबिथाला भावजयीच्या घरी मान खाली घालून राहावं लागलं असतं, आणि ती भावजय म्हणजे, जाऊ दे.

दर गुरुवारी पाद्रीबाई मिसेस ग्लेडहिल यांच्या दिवाणखान्यात बायका जमून गरिबांसाठी फ्लॅनेलचे परकर शिवत. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी शिवता शिवता ऐकायचं. वाचणारी अर्थात टॅबिथा, कारण आवाज खणखणीत. आणि वाचायचं काय, तर तिचीच कादंबरी! गावात ते मासिक तिच्याकडेच येई, निदान सगळ्यांची तशी समजूत होती. बायका तिच्यासमोरच लेखकाची सालटी काढत आणि ती बापडी मान हलवत बसे. बापडी कसली, तिला आतून गुदगुल्या होत.

एकटी मिस पार्डो, पाद्रीबाईंची थोरली बहीण, कादंबरीला पाप म्हणायची. ती कानात कापूस घालून खिडकीपाशी बसे. गोष्ट रंगात आली की तिची सुई मात्र थांबायची.

त्या गुरुवारी शेवटचा भाग होता. श्रीमंत लॉर्डाला नकार देऊन टोप्यांचं दुकान काढणारी लेटिस त्यात मरणार होती. असली पोरगी सुखात राहिली तर तरुण मुली बिघडतील, मारा तिला, असं संपादकानं फर्मावलं होतं. टॅबिथानं घाबरून लेटिसला ताप आणला आणि मारून टाकलं. तेव्हापासून तिला स्वतःची लाज वाटत होती.

आता ते मरण मोठ्यानं वाचायची वेळ आली. लेटिसचा ताप चढला तसे बायकांचे रुमाल बाहेर आले.

"ही गेली ना, तर मी पुढच्या गुरुवारी येतच नाही," डॉक्टरीणबाई मिसेस क्रॅब म्हणाल्या. "लिहिणारा मेला काळजाचा दगड दिसतोय."

टॅबिथाची नजर छापील ओळीवर होती, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "पहाटे लेटिसचा ताप उतरला," ती वाचू लागली, "आणि तिनं उकडलेलं अंडं मागितलं."

मग काय, बाई थांबायलाच तयार नाही. लेटिस उठली, दुकान उघडलं, लॉर्डाच्या नव्या बायकोच्या गळ्यात दुप्पट भावानं टोपी मारली. बायका खदखदून हसल्या. टॅबिथा मधूनमधून पान उलटत होती, अगदी इमानेइतबारे.

खिडकीपाशी मिस पार्डो मात्र पांढरीफटक पडली होती. टॅबिथानं ते पाहिलं आणि अंक चटकन मिटून टाकला.

चहा आणि केक संपवून बायका गेल्या, पाद्रीबाई त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. मिस पार्डोनं टॅबिथाला कोपऱ्यात गाठलं.

"ती मरते," ती पुटपुटली.

"कोण?"

"सोंग घेऊ नकोस. मी चोरून अंक मागवते. सोमवारी वाचलं, तेव्हापासून घास उतरलेला नाही."

"पण तुम्ही तर कादंबऱ्या वाचत नाही ना?"

"नाहीच वाचत. विषय बदलू नकोस. पानावर नसलेलं वाचलंस तू. दुसऱ्याच्या पुस्तकात ढवळाढवळ करणारी तू कोण?"

थाप मारणं सोपं होतं. हिची भाची टॅबिथाच्याच शाळेत होती. हिनं बहिणीला नुसतं सांगायचा अवकाश, शाळेला टाळं. पण म्हातारीचे डोळे रडून सुजले होते, आणि आपल्या लिहिण्यावर रडलेलं माणूस टॅबिथानं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"पुस्तक माझंच आहे," ती म्हणाली. "संपादकाला घाबरून मारलं मी तिला."

मिस पार्डोनं तिचं मनगट धरलं. "म्हणजे आज वाचलंस ते खरं?"

"तेच खरं."

म्हातारी धपकन खुर्चीत बसली. "कार्टे, उगाच उपाशी ठेवलंस मला," ती डोळे पुसत म्हणाली. "चालू दे तुझी शाळा. सांगायचं म्हटलं तरी मी कुठल्या तोंडानं सांगणार?"

टॅबिथाचा जीव भांड्यात पडला. तिनं आपला रुमाल म्हातारीच्या हातात ठेवला.

"आता नवीन काय लिहितेस?" मिस पार्डोनं विचारलं.

"एक कॅप्टन आहे. त्याचं जहाज बुडतं."

"त्याला पोहता येतं," मिस पार्डो म्हणाली.