कुठली फोडू?

फरशीवाला आणि प्लंबर हे नात्याने दाजी-मेहुणे, आणि दोघांत कडक अबोला. कारण ऐकाल तर हसाल. मेहुण्याने हौसेने स्कूटर घेतली आणि दाजी चारचौघांत तिला डबडं म्हणाले. झालं, तोंडाला कुलूप. तेव्हापासून कामावरचे निरोपसुद्धा फरशीवाल्याची बायको, म्हणजे प्लंबरची बहीण, फोनवरून इकडचे तिकडे करायची.

या जोडीचा एकच नियम होता. प्लंबरने पाइपात पाणी सोडून बघायचं, "झाका" म्हणायचं, मगच फरशीवाल्याने टाइल लावायची. पण परवा बायको वैतागली. "मी काय पोस्टमन आहे? तुमचं तुम्ही बघा," म्हणून तिने हात झटकले. काल प्लंबर काही न बोलता बाहेर पडला. गेला म्हणजे उरकलं असणार, असं फरशीवाल्याने ठरवून टाकलं. विचारायला जीभ रेटत नव्हती ना! बाथरूमची अख्खी भिंत त्याने चकाचक करून टाकली.

आज सकाळी पाणी सुरू होताच खालच्या मजल्याचं छत ठिबकायला लागलं.

ठेकेदाराने कपाळावर हात मारला. "ही टाइल आता बाजारात मिळत नाही. जादा एकच उरलीय. दुसरी फुटली तर पुढच्या इमारतीचं काम दोघांनीही विसरायचं." एवढं बोलून तो खाली बादली लावायला पळाला.

त्या इमारतीवर दोघांचं वर्षभराचं पोट होतं. फरशीवाला छिन्नी घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. पाइपाचा गळका सांधा नेमका कुठल्या टाइलमागे आहे हे एकालाच ठाऊक, आणि तो दारात हाताची घडी घालून उभा. फरशीवाल्याला भिंत फोडणं सोपं वाटत होतं, मागे वळणं नाही.

"कुठली फोडू?" भिंतीकडे बघतच त्याने विचारलं.

मेहुणा पुढे आला आणि एका टाइलवर टकटक केलं. "ही. सांधा आवळायचा राहिला होता, दाजी. वॉशर आणायला गेलो होतो मी, येईपर्यंत तुम्ही भिंत झाकलीत."

"मग सांगून जायचं की."

"तुम्ही विचाराल असं वाटलं."

दोघेही ओशाळले. एकच टाइल फुटली, सांधा बरोबर तिच्यामागेच निघाला. नवा वॉशर बसला, पाणी सोडून झालं, थेंबही गळला नाही.

"झाका," मेहुणा म्हणाला. तो शब्द ऐकताच फरशीवाल्याने उरलेली एकुलती टाइल उचलली.

शेवटची टाइल बसते न बसते तोच फोन वाजला. बायकोचा राग निवळला होता. "बरं बाई, सांगा, काय निरोप देऊ त्याला?"

"त्याला काही नको. तू तिघांचा स्वयंपाक कर," फरशीवाला म्हणाला. "त्याच्या स्कूटरवरून येतोय."