पर कातरलेला मासा

माझा भाऊ कोरविन मासे पकडतो आणि सोडून देतो. पकडायचा, दमेपर्यंत झुंजवायचा, ओठातला गळ काढायचा आणि "जा राजा" म्हणून सोडायचा. म्हणजे एखाद्याला रस्त्यात गाठून चांगलं तुडवावं आणि मग त्याचे कपडे झटकून म्हणावं, जा बाबा, मी कुणाच्या वाटेला जात नाही!

मी नेडीन, त्याची थोरली बहीण. मी पकडते आणि खाते. आमचा बाप लाकडाच्या गिरणीत होता आणि हिवाळाभर आमच्या ताटात टिलकम नदीचा स्टीलहेड असायचा. स्टीलहेड म्हणजे ट्राउटच, पण समुद्रात जाऊन, खाऊनपिऊन हातभर होऊन जन्माच्या नदीत परत येणारा. त्याच्यावरच कोरविनची हाडं पोसली. आता तीच हाडं मला नीती शिकवतात.

"नेडीन, जीव आहे गं त्याला."

"मग त्याच्या ओठात गळ कशाला घालतोस? जीव आहे की नाही ते बघायला?"

यावर तो टोपी नीट करायचा. त्या टोपीवर त्यांच्या मंडळाचं चिन्ह होतं. शहरातून निवृत्त होऊन आलेल्या लोकांनी सफरचंदाच्या बागांशेजारी घरं बांधली आणि मासे सोडणाऱ्यांचं एक मंडळ काढलं. आमच्या गावात मासा मारणारा माणूस त्यांना खाटीक वाटतो. गाय नदीत पोहत असती तर त्यांचं बर्गर खाणं बंद झालं असतं.

या वर्षी मंडळ कोरविनला रुपेरी पदक देणार होतं. ज्याच्या हातून आजवर एकही मासा मेला नाही, त्याला. मला हसू आलं, पण मी ते गिळलं. कोरविनला आयुष्यात कुणी काही दिलं नव्हतं. विमा कंपनीतून निवृत्त होताना घड्याळ मिळालं, तर त्यावर शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव कोरलेलं. पदकासाठी त्याने नवा कोट शिवला होता आणि छातीवर जागा कुठे आहे ते रोज आरशात बघत होता.

समारंभाच्या आदल्या सकाळी आम्ही दोघं नदीत उभे होतो. गुडघ्यापर्यंत पाणी, काठावर बर्फाची साय. कोरविनच्या गळाच्या काठीला असा हिसका बसला की तो दोन पावलं पुढे ओढला गेला. बराच वेळ झुंज चालली. शेवटी मासा दमला, कोरविनने त्याची शेपटी धरली आणि पाण्यातच त्याला धरून उभा राहिला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. तोंडभर हसत म्हणाला, "बघ, केवढा देखणा! जा रा..."

"थांब!" मी ओरडले. "पर कुठाय त्याचा?"

स्टीलहेडच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, पेराएवढा एक मऊ पर असतो. हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, वाढवून नदीत सोडलेल्या पिल्लांचा तो कातरतात, म्हणजे पुढे ओळख पटते. पर असेल तर मासा रानचा; सोडायचाच, पाण्याबाहेर उचलायचासुद्धा नाही. पर नसेल तर हॅचरीचा. आमच्या नदीत या हंगामात तो सोडायचा नाही, मारायचाच. काठावर हे सगळं फळ्यावर लिहिलंय. कोरविनने तो फळा कधी वाचला नव्हता. म्हणे, फळे मारणाऱ्यांसाठी असतात.

"नसू दे पर," तो म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय," काठावरून आवाज आला. मत्स्य खात्याची निरीक्षक मारिसोल क्विंटेरो हातात कॉफी घेऊन उभी होती. "सोडू नका हं, मिस्टर हॅलबर्ट."

"पण मी सगळेच सोडतो!"

"सगळेच? हॅचरीचेसुद्धा?"

"कोरविन," मी म्हटलं, "तोंड मिट."

मारिसोल पाण्याच्या कडेला आली. "हे बघा, हा वर जाऊन रानातल्या मादीशी जोडी जमवणार. हॅचरीत आयतं खाऊन वाढलेल्याची पिल्लं या नदीत तग धरत नाहीत. म्हणजे तिचं वर्ष वाया गेलं. असे किती सोडलेत तुम्ही?"

कोरविनचा चेहरा उतरला. "पण माझ्या हातून एकही मेला नाही."

"सोडलेल्यांतलेही काही मरतात. खाली वाहत जाऊन मेलेला तुम्हाला दिसणार कसा?"

तो माझ्याकडे वळला. हात थंडीने निळे पडले होते, पण शेपटी सुटली नव्हती. "नेडीन, तू मार."

"मी का? मासा तुझा."

"तुला सवय आहे गं!"

"तू पकडलास, तूच मार. पदक उद्या आहे, मासा आत्ता आहे."

"माझ्याकडे बघतोय तो."

"त्याला पापण्या नाहीत. तो सगळ्यांकडेच बघतो."

मला खात्री होती, हा सोडणार. दंड भरेल, पदक घेईल आणि मला जन्मभर टोमणे मारायला विषय देईल. मी टोमणा तयारही ठेवला होता. पण कोरविन वरच्या धारेकडे बघत राहिला, जिथे रानचे मासे अंडी घालतात. मग म्हणाला, "तुझं दांडकं दे."

"डोळ्यांच्या मागे, एकदाच, जोरात. हळू मारलंस तर तो छळ."

पहिला फटका त्याने स्वतःच्या गुडघ्यावर मारला. मारिसोलने तोंड फिरवलं, खांदे मात्र हलत होते. दुसरा फटका बरोबर बसला. मासा थरथरला आणि निपचित पडला. कोरविनने त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि विचारलं, "मारताना तुला काय वाटतं?"

मी आयुष्यभर मासे मारत आलेय. मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "कल्ले काप," मी म्हटलं, "रक्त जाऊ दे."

वाटेत मी त्याला समजावलं, "कुणाला काही बोलू नकोस. पदक घे, मासा मी घरी भाजते."

"मी भाजणार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या जेवणाला चिलीहून आलेला, पिंजऱ्यात पोसलेला सामन मासा होता. तो कुणी मारला, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. अध्यक्ष थॅडियस ब्रिल उभे राहिले. "ज्यांच्या हातून आजवर एकही..."

"थांबा," कोरविन म्हणाला. लोणी आणि कांदा घालून भाजलेल्या माशाची परात त्याने मधल्या टेबलावर ठेवली. "काल एक मारला. हा तो. हॅचरीचा होता, मारायलाच हवा होता. याआधीही असले मारायला हवे होते, ते मी सोडले."

 एक बाई "अरे देवा, बिचारा!" म्हणाली आणि काट्यावरचा सामन तोंडात घातला.

अध्यक्ष आणि मंडळी कोपऱ्यात कुजबुजली. पदक आणलेलं होतं, ते कुणाला तरी द्यायलाच हवं. शेवटी ते मिळालं प्रेस्कॉट ओगलला. प्रेस्कॉट अकरा वर्षं नदीवर येतो आणि अजून त्याच्या गळाला मासा लागलेला नाही. त्याच्या हातून एकही मेला नव्हता, हे कुणालाच नाकारता आलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेस्कॉटच्या डोळ्यांत पाणी.

कोरविन माझ्याशेजारी येऊन बसला. छातीवर मोकळी जागा, नवा कोट, एका बाहीला लोणी. त्याने स्वतःला वाढून घेतलं, पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"गप्प बस आणि खा."

परातीजवळ कुणी फिरकत नव्हतं. सगळ्यांची पाठ वळल्यावर ब्रिल अध्यक्ष रिकामी बशी घेऊन हळूच आले आणि कोरविनच्या कानाशी वाकले. "जरा... पोटाकडचा तुकडा मिळेल का?"

कोरविनने त्यांच्याकडे वर बघितलं, मग परातीकडे.

"शेपटीकडचा घ्या," तो म्हणाला. "पोटाकडचा नेडीनचा आहे."